दिलीपच्या गल्लीतले तीन पेशंट

माझा धाकटा भाऊ दिलीप, पोटुशी बायको आणि तीन बॅगा घेऊन नागपूरहून सकाळीच सौसरला आमच्या दारात उभा राहिला, तेव्हा मला आनंदच झाला. मग तो बोलायला लागला आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला.

"ताई, आमच्या गल्लीत रोग निंगाला. दवाखान्याची टीम येऊन राहिली. बोअरचं पाणी, माती, सारं नेऊन राहिले. एकाच गल्लीत तीन पेशंट म्हणते!"

"कोणता रोग?"

"जिजाजीले झाला तोच."

आत पलंगावर विनोद, माझे मिस्टर, उठून बसायची खटपट करत होते. नसांचा आजार. हातपाय बधिर होत जातात. लाखात एखाद्याला होतो म्हणे. इंजेक्शन मिळालं की चालतात-फिरतात, चुकलं की शर्टाची बटणंही मला लावावी लागतात. ते इंजेक्शन नागपूरला फुकट मिळतं, पण महाराष्ट्रातल्या माणसाला. आम्ही पडलो मध्य प्रदेशचे. म्हणून दिलीपचा पत्ता सांगितला. त्यात काय एवढं? इकडचे कितीतरी जण नागपूरच्या मामाचा, मेव्हण्याचा पत्ता सांगतात.

"पण बाकीचे दोघं कोण, तेच समजत नाही," दिलीप म्हणाला. "कवडू म्हणून कोणी, अन् एक मंगलाबाई. आमच्या गल्लीत अशी माणसंच नाहीत! खोली सोडून गेले असतील म्हणते. मले तर वाटते, जिजाजीले बी आमच्याचकडं लागलं असंल."

रामाकोन्याचे कवडूभाऊ आणि बोरगावची मंगला. दोघांना तो पत्ता मीच दिला होता, घर नंबर तेवढा बदलून. दवाखान्याच्या रांगेत आपल्याच तालुक्याची माणसं भेटली, याचं तेव्हा किती बरं वाटलं होतं! लाखात एखाद्याचा आजार आणि एवढ्याशा सौसरकडचे तिघं कसे, हे काही मनात आलं नाही.

आता मात्र दुसरं काही सुचेना. आमचं पाणी? संत्र्यावरची फवारणी? की नुसता योगायोग? खरं सांगावं, तर तिघांचंही इंजेक्शन बंद. न सांगावं, तर डॉक्टर त्या गल्लीतली माती उकरत बसणार आणि इथं कोणी फिरकणारही नाही. बरं, इथं काहीच नसलं तर? उगाच नवऱ्याचे हात घालवून बसायचे? मला भयंकर राग आला. कोणाचा, ते काही ठरवता येईना.

"बाळंतपणापर्यंत हिले इथंच राहू दे," दिलीप म्हणाला. "तिकडच्या पाण्याचं भेव वाटते."

तेवढ्यात त्याची बायको, ऋतुजा, स्वयंपाकघरातून माठातल्या पाण्याचा गडवा भरून घेऊन आली. "ताई, तुमच्याकडलं पाणी किती गोड आहे! तिकडं तर घोट घशाखाली उतरत नव्हता," असं म्हणून तिनं गडवा पुन्हा तोंडाला लावला.

मी धावले आणि तो हिसकावून घेतला. पाणी तिच्या साडीवर सांडलं.

आतून विनोदनी हाक मारली. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"सुचिता, डॉक्टरले फोन लाव. खरे पत्ते सांग."

"अन् तुमचं इंजेक्शन?"

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले.

"बटणं तू लावून देजो," ते म्हणाले.