डोमाजीच्या नाकावर तीन टिचक्या

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत शकुनबाई शिवण शिकवत. शाळा त्यांना मान देई, पण थापाडीही समजे. कारण त्या सांगत, गेल्या वर्षापर्यंत दिल्लीला भावाकडे राहत असताना त्यांनी चार वर्षं टेलिव्हिजनवर पोरांसाठी बाहुल्यांचा खेळ केला. सन सदुसष्टच्या अकोल्यात टेलिव्हिजन पाहिलेला माणूस दिवा घेऊन शोधावा लागला असता. त्यात बाहुली नाचवणारी बाई पडद्याखाली लपलेली. पुराव्याला एक फोटो होता, तर त्यातही नुसता डोमाजी.

डोमाजी म्हणजे हातात घालायचा बाहुला. कागदाच्या लगद्याचं डोकं, त्यावर मुंडासं, आणि नाक थेट शकुनबाईंच्या आजाचं. नावही त्याचंच.

"बाई, डब्यात माणूस मावते काय?" चित्रकलेचे खुशालराव मास्तर मधल्या सुट्टीत विचारत. "आमाले येडं समजून राहिल्या काय?"

शकुनबाई हसण्यावारी नेत, पण घरी गेल्यावर ते जिवाला लागे. आयुष्यात एकच मोठं काम हातून झालं होतं, आणि तेच लोक खोटं म्हणत होते.

स्नेहसंमेलन जवळ आलं तेव्हा त्यांनी दहा मिनिटं मागितली. मुख्याध्यापिका वच्छलाबाईंनी दिली, पण अट घालून. "खेळ करा, शकुनबाई. फक्त दिल्लीचं नाव काढू नका. पाहुण्यायसमोर शाळेचं हसू नको व्हायले."

शकुनबाईंनी अट मान्य केली. संमेलनाच्या दिवशी त्यांनी एक खाट आडवी उभी केली, तिच्यावर सतरंजी टाकली आणि मागं बसून डोमाजीला वर काढलं. डोमाजी चांदूर बाजारला बैल घ्यायला गेला आणि शेळी घेऊन परत आला, वर शेळीलाच नांगराला जुंपू लागला. दोनशे पोरी हसून लोळल्या. खुशालराव मास्तरही हसले, मग कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून त्यांनी इकडेतिकडे बघितलं. शकुनबाईंनी ते सतरंजीच्या भोकातून टिपलं. डोमाजीनं वाकून रामराम केला, टाळ्या पडल्या, खेळ संपला.

पहिल्या रांगेत मात्र एक पोरगी टाळ्या वाजवत नव्हती. पाहुण्यांतले रेल्वेचे अधिकारी ओमप्रकाश तीन महिन्यांपूर्वी दिल्लीहून बदलून आले होते, त्यांची ती आठ वर्षांची शालू. ती उभी राहिली, तिनं स्वतःच्या नाकावर बोटानं तीन टिचक्या मारल्या आणि वाट पाहू लागली.

शकुनबाईंनी भोकातून पाहिलं आणि ती खूण ओळखली. दिल्लीतल्या पहिल्याच खेळात, निरोप घेताना डोमाजीचं डोकं सुटलं होतं. खेळ तर थेट दिसत होता. त्यांनी डोमाजीच्याच हातानं त्याच्या नाकावर तीनदा ठोकून डोकं कसंबसं बसवलं. टेलिव्हिजनच्या साहेब लोकांनी त्यांना चांगलं झापलं. पण पुढच्या आठवड्यात पोरांची पत्रं आली, की आता आम्हीही आपल्या नाकावर टिचक्या मारून डोमाजीला निरोप देतो. तेव्हापासून तीच रीत पडली. ही फजिती त्यांनी अकोल्यात कुणाजवळही काढली नव्हती. थापाडी तर होतेच, वर वेंधळी कशाला व्हा?

पोरीनं पुन्हा तीन टिचक्या मारल्या. मग ती सतरंजीपाशी आली. "डोमाजी, भूल गये क्या?"

शकुनबाईंनी डोमाजीला वर उचललं, आणि त्याच्या चिंधीच्या हातानं त्याच्या नाकावर ठोकलं, एक, दोन, तीन.

"पापा, ये वही है," शालू ओरडली, "टेलिव्हिजनवाला!"

ओमप्रकाश उठून वच्छलाबाईंना म्हणाले, "साल भर से रोज़ पूछती है, मेरा डोमाजी कहाँ गया."

वच्छलाबाई तडक माईकपाशी गेल्या. "दिल्लीच्या टेलिव्हिजनवर बाहुल्यायचा खेळ कोणं केला, माहीत आहे? आमच्या शकुनबाईनं. आमी इतके दिवस खोटं समजलो, चूक आमची."

खुशालराव मास्तरांनी स्वतः येऊन सतरंजी वर धरली. "बाई, बाहेर या. आज तुमाले पाहू द्या सगळ्यायले."

चार वर्षांत ज्यांचा चेहरा दिल्लीनं पाहिला नव्हता, त्या शकुनबाई लुगड्याची धूळ झटकत बाहेर आल्या आणि ताठ उभ्या राहिल्या. शालूचं पाहून दोनशे पोरींची बोटं नाकावर गेली. कडेला खुशालराव मास्तरांनीही आपल्या नाकावर तीन टिचक्या मारल्या, आणि या वेळी कुणी पाहतं का म्हणून बघितलं नाही.