ड्रमचा घसा

"मुक्या जिवाला सुया कशाला टोचतीस गं पोरी?" मर्डो कुरकुरला; पण आपल्या कुत्र्याला, ड्रमला, त्यानं गुडघ्यांत घट्ट धरून ठेवलं होतं.

खिंडीतल्या पत्र्याच्या खोपटापुढं कुत्री ओळीनं बांधलेली. दोन दिवस डोंगर विंचरून मेंढ्या खाली काढल्या होत्या. कुत्र्यांच्या जिभा भुईला टेकायच्या बाकी होत्या. जनावरांची डॉक्टर नायरी गाडीत रक्त तपासायचं यंत्र घालून वर आली होती. मोहिमेआधी तिनं सगळ्यांचं रक्त घेतलं होतं, आज पुन्हा घेतलं.

"मर्डोकाका, इतकं पळालं की कुत्र्याच्या काळजावर ताण येतोच. अंगात दाह पेटतो, तो रक्तात दिसतो. निरोगी कुत्रं दोन दिवस पडून राहिलं की उतरतो. तुमच्या ड्रमचा निघायच्या आधीच चढलेला होता. मागच्या कामाचाच अजून उतरलेला नाही. ठोकेही चुकताहेत. हल्ली भुंकणं कमी झालंय का त्याचं?"

मर्डोचा हात कुत्र्याच्या मानेवर थबकला. ड्रम भुंकून मेंढ्या हाकणाऱ्या जातीचा. त्याचा आवाज दोन डोंगरांपल्याड जायचा.

"झालंय," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, शाना झालाय. लागंल तेवढंच बोलतोय."

तीन आठवडे गुत्त्यात तो हेच मिरवत होता. माझं कुतरं एका भुंकण्यात शंभर मेंढी हलवतंय, म्हणून.

"शहाणा नव्हे, काका. दम पुरत नाही त्याला. उद्या नेलात तर परत येईलच असं नाही."

चुलीपाशी बसलेला टामा, सगळ्या गड्यांचा म्होरक्या, आभाळाकडं बघत म्हणाला, "उद्या बर्फ पडायच्या आत घळीतल्या मेंढ्या खाली पायजेत. मर्डो, तुझी दुसरी कुत्री पायाला जखम हून घरी पडलीय. घळ मी दुसऱ्याला दितो."

"चाळीस वर्सं ती घळ मी काढतोय."

"मग काढ की! पन कशानं? दाढीनं?"

"माझ्या तोंडानं!"

"भुंकनार व्हय, म्हाताऱ्या?"

खोपट हसण्यानं हललं. मर्डोही हसला; पण त्याला ठाऊक होतं, एकदा घळ गेली की पुढच्या साली बोलावणं येत नाही. मग गावातली खिडकी, चहाचा कप आणि लांबून दिसणारा डोंगर.

सकाळी त्यानं ड्रमला खोपटापाशी साखळीनं बांधलं, आपला कोट त्याच्या पाठीवर घातला. "पडून ऱ्हा, राजा," म्हणाला आणि एकटाच घळीच्या कडेनं उतरला.

वारा सुरीसारखा. पिवळ्या गवतात अडीचशे मेंढ्या निवांत चरत होत्या. मर्डो भुंकला. खरंच भुंकला. छाती फुटेस्तोवर भुंकला. मेंढ्यांनी माना वर केल्या, गावातल्या येड्याकडं बघावं तसं त्याच्याकडं बघितलं आणि पुन्हा गवताला तोंड लावलं. ढग खाली आले. गालावर बर्फाची पहिली बोच लागली. दुपारपर्यंत त्याच्या घशातून नुसती फुसफूस उरली.

तेव्हा वर, खिंडीतून, ड्रम भुंकला.

भरून आलेल्या आभाळासारखा तो आवाज घळीत कोसळला. कातळाकातळानं तो झेलला, दुप्पट केला. मेंढ्या चमकल्या. वळल्या. धन्याचा फाटलेला गळा ऐकून साखळीला बांधलेलं कुत्रं तिथूनच कामाला लागलं होतं.

धावत वर जावं, त्याच्या तोंडावर हात ठेवावा, म्हणून मर्डोनं पाय उचलला. तेवढ्यात पुढची मेंढी खाली निघाली, तिच्यामागं दुसरी, मग सगळी घळ वितळल्यागत ओघळू लागली. मर्डोनं उचललेला पाय तिथंच टेकवला आणि वळून तो मेंढ्यांच्या मागं चालू लागला. वरचं भुंकणं लांबत गेलं, तुटक झालं, मग दोन भुंकण्यांमध्ये नुसता वारा ऐकू येऊ लागला. शेवटची मेंढी पायथ्याच्या कुंपणात शिरली तेव्हा वर काहीच नव्हतं.

टामानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "मानलं, म्हाताऱ्या! फुडल्या साली बी घळ तुझीच."

मर्डो घोटाभर बर्फातून खिंड चढून गेला. कोट घसरून बाजूला पडला होता. साखळी घळीच्या दिशेला ताणलेली, आणि तिच्या टोकाला ड्रम तोंड पुढं करून पडलेला. डोळे उघडे. पाठीवर बर्फ साचत होता, वितळत नव्हता.

मर्डो त्याच्याशेजारी बसला. त्याला एकदा नावानं हाक मारायची होती. तोंड उघडलं, ओठ हलले. घशातून काही निघालं नाही.