डब्यातला पाहुणा

“थांबा, भावोजी! त्याच वेलाचं फूल त्याच वेलाला लावताय?”

शेजारच्या खोलीतल्या राहीबाई ओरडल्या. दिवेलागणीची वेळ. मी स्टुलावर चढून पत्र्यावरच्या दुधीचं नरफूल खुडलं होतं आणि मादीफुलावर घासणार होतो. भिवंडीतल्या कामतघरच्या आमच्या चाळीत पाखरं, पतंग फारसे फिरकत नाहीत. चंद्रा हे काम हातानेच करायची. चंद्रा माझी बायको. उन्हाळ्यात गेली. तिच्या डबीतलं बी लावलं, त्यातलं हे एकच उगवलं.

“दुधी धरनार न्हाय का?” मी विचारलं.

“धरंल की. खायाला चालंल, पन बी कमजोर निघंल. घरातल्या घरात सोयरीक करतं का कोन? चंद्रा म्हनायची, सगळे वेल एकासारखे एक झाले की एकाला लागलेला रोग समद्यांना लागतो.”

“मग तुमच्या वेलाचं द्या.”

“माजं बी तिनंच दिलेलं. ही सख्खी भावंडं!” राहीबाई हसल्या. “ती गणेशपुरीला कशाला जायची वाटतं तुमाला?”

“दर्शनाला.”

“दर्शन घ्यायचीच. मंग तिथल्या शांताबाईच्या मांडवावरची नराची कळी आनायची. तिच्याकडचं बी येगळं.”

मला आठवलं. एसटीतून उतरताना तिच्या हातात जेवणाचा डबा असायचा. मी घ्यायला गेलो की म्हणायची, “नको, आत पाव्हना हाय.” मला ती थट्टा वाटायची. चौथी शिकलेली बाई. इतकी वर्षं तिने एका दुधीचं बी धडधाकट ठेवलं आणि त्याचा कधी गवगवा केला नाही.

कारखान्यातले लूम बंद असायच्या दिवशी मी तिचा डबा घेऊन गणेशपुरीला गेलो. शांताबाई भाताच्या बांधावर होत्या. डबा पाहून त्यांनी माझ्या मागे नजर टाकली.

“चंद्रा न्हाय आली?”

मी सांगितलं. त्या मला दुधीच्या मांडवाकडे घेऊन गेल्या. तिथे त्यांनी संध्याकाळी उमलतील अशा नराच्या दोन कळ्या लांब देठासकट खुडल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळल्या.

“माज्या वेलासाठी काय आनलंत?”

मी रिकामा डबा उघडून दाखवला.

“ती एक न्यायची, एक आनायची. माजंबी बी तिच्याच कळीवर टिकलंय, भाऊ. या पुन्यांदा.”

परतीच्या एसटीत उभं राहायलाही जागा नव्हती. मला कशीबशी सीट मिळाली. कंडक्टर म्हणाला, “काका, डबा खाली ठेवा की.”

“नको,” मी म्हणालो. “आत पाव्हना हाय.”

भिवंडीपर्यंत मी तो मांडीवर सरळ धरून बसलो.