अर्ध्या मिनिटाची मुदत

मित्रांनो, नौपाड्यातल्या एका रक्तपेढीच्या मागच्या खोलीत राहणारा मी एक जुना सर्व्हर आहे. रक्तदात्यांची सगळी माहिती माझ्या पोटात असते. काउंटरवरचा संगणक विचारतो, मी शोधून सांगतो. नवा होतो तेव्हा माझे उत्तर क्षणात जाई. "काय फास्ट आहे हा," असे काउंटरवरच्या वैशालीताई कौतुकाने म्हणायच्या. पुढे नोंदी वाढत गेल्या, पण कोणी त्यांची सूची लावली नाही. एका नावासाठी मला सगळ्या नोंदी चाळाव्या लागत.

त्या दुपारी कळव्याचा हरिहर धापा टाकत आला. त्याची बहीण अक्षदा बाळंत झाली होती आणि रक्तस्राव थांबत नव्हता. तिचा रक्तगट बॉम्बे, फारच दुर्मीळ. दुसरे कोणतेही रक्त तिला चालणार नव्हते आणि पेढीत ते शिल्लक नव्हते. असा दाता कोण, हे वैशालीताईंनी मला विचारले.

मी जीव तोडून शोधू लागलो. पण काउंटरचा संगणक माझ्यासाठी अर्धे मिनिटच थांबे. नाव सापडण्याआधीच त्याने 'वेळ संपली' दाखवले आणि शोध तोडला. पुन्हा विचारले, पुन्हा तेच. शेजारच्या संगणकावरूनही तोच प्रश्न आला, तसा मी आणखी मंदावलो.

"मॅडम, काहीतरी करा ना. ती थंड पडत चाललीय," हरिहर म्हणत होता. मला सगळे ऐकू येत होते आणि ओरडायला तोंड नव्हते.

वैशालीताईंनी संगणकांची देखभाल करणाऱ्या शुभदाला फोन लावला.

"टाइमआउट, म्हणजे थांबायची मुदत, वाढवली मी, तरी सर्च तुटतंय गं."

"ताई, तुम्ही कनेक्शनचा, म्हणजे सर्व्हरशी जोडणी होण्याचा, वाढवलात. जोडणी तर होतेय. सर्चचा वेगळा असतो, तो मी इथून बदलते. बाकीच्यांना जरा थांबायला सांगा."

सगळ्यांनी हात आवरले. अर्धे मिनिट उलटले, शोध तुटला नाही. हरिहरने काउंटरची कड घट्ट धरली होती. अखेर नाव सापडले. कोपरला राहणारा प्रशांत.

"निघालोच," एवढेच तो फोनवर म्हणाला.

त्याच्या रक्ताने अक्षदा वाचली. पण बाळाला जवळ घ्यायला तिला कितीतरी दिवस लागले. त्या वाया गेलेल्या वेळेचे मला अजून वाईट वाटते.

नंतर शुभदा आली. "मुदत वाढवून त्या दिवशी भागलं, पण दुखणं आतच आहे," असे म्हणत तिने माझ्या नोंदींची सूची लावली.

मित्रांनो, माझ्यासारखा कोणी मंदावला, तर नुसती वाट पाहण्याची वेळ वाढवू नका. त्याला वेळीच उघडून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही, आणि बाहेर काउंटरपाशी कोणीतरी उभे असते.