बाजूचा फुटवा

पीचच्या पानाच्या देठावर, पान जिथं सुरू होतं तिथं, मोहरीच्या दाण्याहून लहान अशा ग्रंथी असतात. काही जातींत त्या गोल असतात, काहींत मूत्रपिंडासारख्या, एका बाजूनं दबलेल्या. नुसत्या डोळ्यांना हा फरक सहसा दिसत नाही. भिंग लागतं, आणि बघायची तयारी लागते.

तिनं भिंग डोळ्याला लावलं. गोल. दर वर्षी नवी पानं आली की ती बघायची, आणि दर वर्षी गोलच. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत जन्म घालवलेल्या बाईला हे ठाऊक होतं, की तोच नमुना पुन्हा तपासला म्हणून निकाल बदलत नाही. तरी ती तपासायची.

"काय म्हणतंय लेकीचं झाड?" मागच्या दारातून नवऱ्यानं विचारलं. पायऱ्या थोड्याच होत्या, पण हल्ली त्या उतरताना तो मध्येच कठड्याला धरून उभा राहायचा.

"पानं आलीत," ती म्हणाली. तेवढं खरं होतं.

थोरली लेक रोपवाटिकेत कामाला होती. कुठल्याशा बीपासून परसात आपोआप उगवलेलं रानटी पीचचं रोप तिनं हेरलं, आणि उन्हाळा सरता सरता रोपवाटिकेतल्या सगळ्यात गोड झाडाचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, आणून त्याच्यावर भरला. साल अलगद उचलून डोळा आत बसवला, वरून पट्टी गुंडाळली. "आई, फळ येईपर्यंत वाट बघायची नसेल तर देठ बघ. रानटीच्या ग्रंथी गोल, आपल्या डोळ्याच्या मूत्रपिंडासारख्या. आणि बाबा, डोळा फुटला की त्याच्या वरचा रानटी खोडाचा भाग मी येऊन कापणार. तोवर हात लावायचा नाही!"

त्या हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि थोरली गेली. कापायला ती उरली नाही.

थंडी ओसरल्यावर डोळा फुटला. रानटी खोड काठीसारखं सरळ, आणि हा फुटवा त्याच्या कुशीतून तिरपा, दोऱ्यासारखा बारीक निघालेला. आणि घरातला कर्ता पुरुष शिंपी. शिवलेल्या कपड्यातून दोरा बाहेर आलेला दिसला, की बोलता बोलता त्याचा हात कात्रीकडे जायचा. लग्नकार्यात अनोळखी माणसाच्या बाहीवरचा दोरासुद्धा त्यानं कापला होता.

ती संध्याकाळी कामावरून आली तेव्हा परस झाडून लख्ख केलेलं होतं. केराच्या ढिगाऱ्यात बोटभर फुटवा पडला होता, कोवळ्या पानांसकट. तिनं तो उचलला, परीक्षानळीत पाणी घेऊन त्यात ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यानं मान टाकली.

पण त्या संध्याकाळी नवरा म्हणाला होता, "लेकीचं झाड जरा नीटनेटकं केलं गं." आणि पानावर बसला, आणि लेक गेल्यापासून पहिल्यांदाच पोटभर जेवला. ताटात वाढून घेणाऱ्या त्या हाताकडे बघत तिनं शब्द गिळला. एकदा गिळलेला शब्द पुढं रोज गिळावा लागतो, हे तिला नंतर कळलं.

झाडाला फळं आली ती सुपारीएवढी, केसाळ, तुरट. शिंपी ती चावायचा, तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, "पोर आहे अजून. पोरांना अक्कल यायला वेळ लागतो." मग आणखी खत घालायचा.

आता त्याच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरी आल्यावर शिंपी म्हणाला, यंदाचं फळ बघून जाऊ.

धाकटी लेक पिशवी घेऊन राहायलाच आली. "बाबा, तुम्ही त्या डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"परवा येतो म्हणालो."

"अहो, तुमचं परवा सगळ्या गावाला माहीत आहे! त्या परव्याच्या भरवशावर लोक बिनबाह्यांच्या सदऱ्यात बोहल्यावर चढलेत."

तो हसला. हसता हसता धाप लागली, आणि ती लवकर थांबेना. धाकटी पाणी आणायला आत पळाली.

परसात दोघंच उरली. तिनं मनात एक वाक्य जुळवून ठेवलं होतं: डोळा थंडीनं गेला. कुणालाही पटलं असतं.

"अहो," ती म्हणाली, "हे तिचं झाड नाही."

"मग काय शेजाऱ्याचं?"

"रानटी आहे. खालचं खोडच वाढलंय. तिनं भरलेला डोळा..." पुढचं वाक्य तोंडातून निघेना. त्याऐवजी तिनं त्याचा हात धरून बुंध्यापाशी नेला. सालीवर एक जुनी खूण होती. कडेनं भरत आलेली, पण मधला काप अजून सपाट, तिरका, एका झटक्यात घेतलेला. त्याचा अंगठा त्यावरून फिरला, आणि थांबला.

"कात्रीचा आहे," तो म्हणाला.

"हो."

"माझ्या."

"हो."

तो म्हणाला, "मला वाटलं, दोरा सुटलाय."

तिनं मान डोलावली.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"त्या दिवशी तुम्ही जेवलात."

त्यानं अंगठा खुणेवरून काढला नाही. डोळे वाहत होते, ते पुसायला दुसरा हातही उचलला नाही. धाकटी पाण्याचा पेला घेऊन दारात आली आणि तिथंच उभी राहिली.

"काढून टाकायचं का झाड?" बायकोनं हळूच विचारलं.

"नको. त्याचा काय दोष? ते आपलं सरळ वाढलं." त्यानं धाकटीकडे मान वळवली. "डॉक्टरांना फोन लाव गं. म्हणावं, शिंपी ऑपरेशनला येतोय. परवा नाही. उद्या."