सूपमधला पाव

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात माझी बावीस वर्षं गेली. त्यामुळे कुणी मला स्वयंपाक शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. गिळण्याची तपासणी करणाऱ्या बाईंनी सुतारकाकांच्या ताटाला 'फक्त वाटलेलं' अशी चिठ्ठी लावली, तेव्हाही फिरलं. गुठळी नको, पाणी सुटायला नको, चमचा तिरका केला की घास अख्खा घसरला पाहिजे. "जेवण करतेय की लाकडाच्या भेगा बुजवायची लांबी?" मी करवादले. जन्मभर सुतारकाम केलेले काका हसले. "लांबीला निदान वास तरी असतो, मावशी."

त्यांच्या वाढदिवसाच्या दिवशी ते चाकांची खुर्ची स्वतःच चालवत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. "एक घास दे गं. चावल्यासारखं वाटेल असं काहीतरी."

मला राहवलं नाही. पावाच्या कडा काढल्या, आतला भाग पातळ सूपमध्ये भिजवला. मऊ ते मऊ, त्यात काय अडकणार? घट्ट आणि पातळ एकत्र देऊ नका, घास तोंडात घोळेपर्यंत पातळ भाग श्वासनलिकेत उतरतो, असं बाईंनी बजावलं होतं. मी या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं होतं.

काकांनी डोळे मिटून खाल्लं. मग ठसका लागला, बराच वेळ. मी पाठ चोळली आणि सिस्टरला काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया झाला.

हॉस्पिटलमधून ते नाकात नळी घेऊन परतले. आता तोंडानं काही नाही, कधीच नाही. सगळं सांगून टाकायचं म्हणून मी त्यांच्या मुलीला जिन्यात गाठलं, तर तिनंच माझा हात धरला.

"माफ करा हं, मावशी. बाबांनी शेजारच्या ताटातलं उचलून खाल्लं, त्यांनीच कबूल केलं. तुम्ही एवढं जपत होतात. आता त्यांना जेवणघरात बसू देत नाहीत, पुन्हा उचलतील म्हणून."

"असू दे गं," मी म्हणाले. एवढंच म्हणाले. त्याची लाज अजून जात नाही.

तडक काकांच्या खोलीत गेले. "असं का सांगितलंत?"

"तुझी नोकरी गेली असती," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मला तर तसंही काही खायचं नाहीये."

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. सवयीनं त्यांनी खुर्ची दाराकडे वळवली, आणि मग हात चाकावरून काढून घेतले.

मी खुर्ची धरली, जेवणघरात नेली, त्यांच्या नेहमीच्या टेबलाशी लावली. सिस्टर धावत आली.

"यांनी काही चोरलं नव्हतं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "मी दिलं होतं."