सातवी लागलेला रिफाई

सकाळपासून दोन गुडघे, तीन कंबरा आणि एक मोडून जुळलेला खांदा माझ्या हाताखालून गेला होता. चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. तेवढ्यात शेख आब्दीन दार न वाजवता आत आले.

"डॉक्टरबाई, याचं हसू काढून टाका," ते म्हणाले.

नाईलकाठच्या सोहाग शहरातल्या सरकारी दवाखान्यात मी तीस वर्षं रोग्यांकडून व्यायाम करून घेते. मी डॉक्टर नाही, पण लोक म्हणतात आणि मीही नाही म्हणायचा कंटाळा करते. या तीस वर्षांत हसू परत आणून द्या म्हणणारे पुष्कळ आले. काढून टाका म्हणणारा पहिलाच.

शेखांच्या मागे एक तिशीपस्तिशीचा उंच माणूस उभा होता. नाव रिफाई. त्याच्या चेहऱ्याची डावी बाजू मेली होती. भुवई सपाट, गाल ओघळलेला, डोळा अर्धवट मिटणारा. उजवी बाजू धडधाकट, त्यामुळे ती सगळं तोंड आपल्याकडे ओढून घेत होती. आमच्याकडे या दुखण्याला नुसतं 'सातवी' म्हणतात. चेहरा हलवणारी नस ही सातवी, एवढी डॉक्टरकी इथल्या शेंबड्या पोरालाही येते. पंख्याखाली झोपू नकोस, सातवी लागेल, हे प्रत्येक आई सांगते. रिफाईला सातवी लागून दहा महिने झाले होते. गावातल्या एका म्हातारीने चपलेने थोबाडीत मारून उपचारही केला होता.

"हसतोय कुठे हा?" मी विचारलं. "चांगला रडवेला दिसतोय."

"तेच तर. रडायला लागला की हसतो."

मग शेखांनी बसून सगळं सांगितलं. आठ वर्षांपूर्वी त्यांच्या नाग अद-दूम गावात पाटाच्या पाण्यावरून भांडण झालं. रिफाईने फावड्याच्या दांड्याने सनद नावाच्या माणसाच्या डोक्यात घाव घातला आणि सनद तिसऱ्या दिवशी गेला. रिफाई सात वर्षं तुरुंगात राहून आला. पण आमच्या वरच्या इजिप्तमध्ये सरकारने सोडलं म्हणून कुणी सुटत नाही. सनदचा धाकटा भाऊ जाद वाट बघत बसला होता. वैर मिटवायची वाट एकच. मारणाऱ्याने अनवाणी, उघड्या डोक्याने, स्वतःचं कफन दोन्ही हातांवर धरून मेलेल्याच्या दारी जायचं. मारा नाहीतर माफ करा. त्यांनी कफन हातात घेतलं की वैर संपलं. नाही घेतलं तर ते लवकरच कामाला येतं.

शेख तडजोड करणाऱ्या मंडळींचे म्होरके. दोन वर्षं उंबरे झिजवून त्यांनी जादला तयार केलं होतं. तीन महिन्यांपूर्वी, दोन हजार माणसांसमोर रिफाई कफन घेऊन निघाला. दार दहा पावलांवर आलं आणि त्याला रडू फुटलं. चांगल्या बाजूचं तोंड कानाकडे ओढलं गेलं. गच्चीवरून सनदची आई, हज करून आलेली हज्जा बखिता, किंचाळली, "हसतोय! माझ्याकडे बघून हसतोय मेला!" झालं. जादने पाठ फिरवली. पोलीस होते म्हणून त्या दिवशी रिफाई जिवंत परतला.

"सगळ्यांना सांगितलं नाही, दुखणं आहे म्हणून?"

"सांगितलं. पण बाई, दोन हजार माणसांनी डोळ्यांनी बघितलं. मी काय सांगणार?" शेखांनी पागोटं काढून टक्कल पुसलं. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पुन्हा ठरवलंय. जाद म्हणाला, आता शेवटचं. पुन्हा हसला तर पोलीस असोत नाहीतर पलटण असो."

"तोंडावर शाल घेतली तर?"

"तोंड लपवून माफी मागतात का?"

नस बरी व्हायला अजून वर्ष जाणार, आणि पुरती होईलच असं नाही. चांगली बाजू सुया टोचून झोपवता येते, पण ते कैरोत, आणि तिथे ते सिनेमातल्या बायकांसाठी करतात. या माणसाच्या तोंडातून मग लाळ गळली असती. मला सांगावंसं वाटलं, की शेख, माझी निवृत्ती सात महिन्यांवर आलीय, मला का गुंतवता? पण तो माणूस कोपऱ्यात उभा राहून स्वतःचा ओला डोळा रुमालाने मिटवत होता, हाताने, दार ओढून घ्यावं तसा. मी म्हटलं, उद्यापासून रोज आठ वाजता या.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सनदबद्दल बोलायला लावलं. आरशासमोर त्याचं तोंड वाकडं झालं तसा फोनवर फोटो काढला. फिकरिया म्हणून आमच्याकडे एक सिस्टर आहे, सरळ मनाची आणि फटकळ. तिला दाखवला.

"कोण हा? काय कुत्सित हसतोय!" ती म्हणाली.

मी अंगठ्याने फोटोतलं तोंड झाकलं. "आणि आता?"

ती वाकून बघत म्हणाली, "अगबाई. हा तर रडतोय."

अंगठा काढला. "आता?"

"आता पुन्हा... छे, हसतोयच." तिला स्वतःचाच राग आला. "कळतंय मला तो रडतोय ते, पण दिसत तसं नाही ना!"

मी तिला दोष देत नाही. माणूस हलणारी बाजू बघतो, पडलेल्या बाजूकडे कुणाचं लक्ष जात नाही. तोंड वर ओढलेलं दिसलं की हसू, आणि एकदा हसू दिसलं की मग डोळेही हसणारेच दिसायला लागतात. माझा नवरा मिखाईल पस्तीस वर्षं माझ्यासमोर जेवतोय. मी दमलेली असले की त्याला वाटतं मी रागावलेय, आणि तो घाबरून पुन्हा पुन्हा विचारतो, शेवटी मी खरंच रागावते.

मी रिफाईला रडायला शिकवू शकत नव्हते. मग न रडायला शिकवलं. उजव्या गालावर आतून-बाहेरून दोन बोटांनी दाब, कातडीच्या रंगाची पट्टी ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीकडे ताणून, श्वास नाकाने, नजर जमिनीवर चार हात पुढे. मनात काही आणायचं नाही. एक ते शंभर उलटे मोजायचे.

"डॉक्टरबाई, मोजता मोजता सत्तरवर आलो की तो दिसतो," एक दिवस तो म्हणाला.

"कोण?"

"सनद. आम्ही एकत्र पोहायला शिकलो. त्याने मला पाटात ढकललं आणि मग स्वतःच ओरडला, बुडाला रे बुडाला." बोलता बोलता त्याचं तोंड उजवीकडे सरकलं. दार उघडून कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं आमचे विनोद चाललेत.

"दाब दे. गालाला दाब दे," मी म्हटलं. "पुन्हा शंभरपासून."

मी कठोर वागले, कबूल आहे. मला त्याचं दुःख नको होतं. मला त्याचं सपाट तोंड हवं होतं. चौथ्या आठवड्याला ते जमलं. मी सनदचं नाव घेतलं, त्याच्या आईचं घेतलं, फावड्याचं घेतलं, काही हललं नाही. शेख बघून खूश झाले. मला मात्र त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही.

शुक्रवारी मलाही बोलावणं होतं, आणि ते हज्जा बखिताकडून. "दुखणं आहे म्हणते ना ती डॉक्टरीण, मग येऊन माझ्या शेजारी बसू दे," असा निरोप. मी गेले. म्हातारी गच्चीवर कठड्याशी काळ्या कपड्यांत बसली होती. वाळलेलं, ताठ तोंड. मला वाटलं हिच्या मनात विखाराशिवाय काही उरलेलं नाही.

"तू ख्रिस्ती का?" तिने विचारलं.

"हो, हज्जा."

"बरं. मग आमच्या कुठल्याच बाजूची नाहीस. बस."

असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर खाली गर्दी दुभंगली आणि रिफाई आला. अनवाणी, दोन्ही तळव्यांवर पांढरं कापड. मी त्याचे ओठ बघत होते. बारीक हलत होते. नव्वद, एकोणनव्वद. तोंड दगडासारखं. दार दहा पावलांवर आलं, पाच पावलांवर आलं. काही हललं नाही. मी देवाचं नाव घेतलं.

"बघा, बघा," गच्चीवरची एक बाई म्हणाली, "टिपूस नाही डोळ्यांत. खाटीकसुद्धा बकरा कापताना याच्यापेक्षा बरं तोंड करतो."

गेल्या खेपेला हसला म्हणून, या खेपेला रडला नाही म्हणून. मला हसावं की रडावं कळेना.

खाली जाद दोन पावलं पुढे आला. मग त्याने कफन उचललं. शेखांनी मोठ्याने फातिहा म्हटली, माणसं 'अल्ला हू अकबर' करून एकमेकांच्या गळ्यात पडली. मी उठायला लागले. हज्जाने माझं मनगट धरलं.

"पुरुषांचं झालं," ती म्हणाली. "माझं नाही. त्याला अंगणात आणा. भाकर-मीठ खाऊ दे माझ्यासमोर. त्याच्या तोंडात काय आहे ते मला जवळून बघू दे. नाही पटलं तर जादला मी सांगेन, आणि जाद माझं ऐकतो."

अंगणात जाद दाराशी टेकून उभा राहिला. कंबरेला काय होतं ते सगळ्यांना माहीत होतं. रिफाईला चटईवर बसवलं. हज्जा त्याच्यासमोर हातभर अंतरावर. तिने उन्हात फुगवलेली जाड भाकर मोडली, मिठात बुडवली आणि त्याच्या हातात दिली.

"खा."

त्याने घास तोंडात घातला, चावला. आणि त्याच्या डाव्या, मेलेल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी सुरू झालं. घळघळा. गालावरून हनुवटीपर्यंत. दुसरा घास, आणखी पाणी. तोंड तसंच स्थिर.

अंगणातल्या बायकांनी श्वास सोडला. कुणीतरी हुंदका दिला. हज्जा पुढे झुकली. "रडला," ती म्हणाली. "आत्ता कुठे रडला."

मला ते काय आहे ते माहीत होतं. दुखावलेली नस परत वाढताना कधी कधी वाट चुकते. लाळेकडे जायचा धागा अश्रूंकडे जातो, आणि मग माणूस जेवायला बसला की डोळा गळतो. त्याच्याशी दुःखाचा काडीचा संबंध नसतो. समोर लग्नाची मिठाई असती तरी तेवढंच पाणी आलं असतं. पण मी ओठ घट्ट मिटून बसले. त्या खोट्या पाण्यावर एक माणूस जगणार असेल तर जगू दे, मला काही लाज वाटत नव्हती. म्हातारीने विचारलं असतं तर मी बायबलवर हात ठेवून सांगितलं असतं की हे खरं रडणं आहे.

तिने मला विचारलंच नाही. तिने हात पुढे केला त्याच्या डोक्यावर ठेवायला, आणि तो मूर्ख मागे सरला.

"नाही, खाला," तो म्हणाला. "हे रडणं नाही. जेवताना येतं असं. घरीही येतं, वांगं खाताना येतं. हे सनदसाठी नाही."

"रिफाई!" मी ओरडले. "गप बस!"

"याच्यावर माफी घेतली तर ती मी लुबाडलेली होईल, डॉक्टरबाई." त्याने गालावरची पट्टी नखाने सोडवली आणि ओढून काढली. "माझं रडणं वेगळं दिसतं, खाला. तुम्ही बघितलंय एकदा."

आणि महिनाभर दाबून धरलेलं सगळं वर आलं. खांदे गदगदायला लागले, छातीतून आवाज फुटला, आणि उजवं तोंड कानाकडे ओढलं गेलं, दात दिसायला लागले. हातभर अंतरावर, म्हातारीच्या तोंडासमोर, तेच हसू. दाराशी जाद सरळ उभा राहिला. त्याचा हात कंबरेकडे गेला.

हज्जा बघत राहिली. तिने नजर हलवली नाही. मीही आता उलटे आकडे मोजत होते.

"म्हणजे त्या दिवशी," ती सावकाश म्हणाली, "तू रडत होतास."

त्याने मान हलवली.

"आणि मी चार महिने तुला शिव्या देत होते." ती वळली. "जाद, तो हात खाली घे. याच्या केसाला धक्का लागला तर माझं दूध तुला हराम."

जादचा हात खाली आला. हज्जाने रिफाईचं डोकं दोन्ही हातांनी धरून स्वतःच्या खांद्यावर टेकवलं, मुलाला मारणाऱ्याचं डोकं. मग बायकांकडे बघून म्हणाली, "कॉफी टाका. बिनसाखरेची. सनदचा दुखवटा आज आहे." आठ वर्षं त्या घराने कुणाला दुखवट्याला येऊ दिलं नव्हतं. वैर मिटेपर्यंत आमच्याकडे ते घेत नाहीत, आणि आईसुद्धा रडत नाही. चुली पेटल्या, बायका हळूहळू जवळ येऊन बसल्या, आठ वर्षांपूर्वी म्हणायचं ते म्हणायला लागल्या.

मी उठले. शेवटची गाडी गाठायची होती. निरोप घ्यायला वाकले तशी हज्जाने माझी बाही धरून मला खाली ओढलं. तिचे डोळे कोरडे होते. वाळलेली हनुवटी एका बाजूला ओढली जात होती आणि सुटत होती, ओठ उघडत होते, मिटत होते, एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता.

"तुला कळतं ना यातलं," तिने कानाशी विचारलं. "बघ माझ्याकडे. मी रडतेय का गं?"

"हो, हज्जा," मी म्हटलं. "रडताय."